भाऊ, तोटी बंदच होती

उत्तमभाऊ, उद्या तुमचा जलदान विधी. भंतेजींना आणायला माझीच गाडी जाणार असं तुमच्या थोरल्यानं परस्पर ठरवून टाकलं, म्हणून काल सकाळी मी दोन बादल्या भरून लिंबाच्या सावलीत गाडीपाशी उभी राहिले. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, माती तिथं सोडायची, मगच शाम्पूत बुडवायचं. टपापासून सुरुवात करायची, खाली येत जायचं, चाकं शेवटी. सगळं पाठ आहे. पण बॉनेटपाशी आले आणि हात चालेना. तुम्हाला जाऊन चार दिवस झाले होते. रडू काही आलं नाही, राग मात्र ढीगभर आला. तुमच्यावरसुद्धा आला, सांगून ठेवते.

राग याचा की तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. सहा वर्षं मी एक वाक्य तोंडात घोळवत फिरले, आणि ज्या ज्या वेळी ते ओठावर आलं त्या त्या वेळी तुम्ही गाडीच्या रंगाचं काहीतरी काढलंत. "ताई, मेण लई थापलंय तुमी." "ताई, ह्या दाराला कडंला घासू नका, तिथं रंग पातळ असतोय." आणि मीही मेली तेवढ्यावर सुटल्यासारखी वाद घालायला लागायची. वाद घालायला मला काय, निमित्तच लागतं.

उद्या लोक बोलायला उभे राहतील, तुम्ही कुठल्या साली कामाला लागलात ते सांगतील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी महिला दूध संस्थेत सचिव म्हणून आले त्या सकाळी तुम्ही माप हातात धरून उभे होतात आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "म्याडम, जरा बाजूला व्हा, दुधावर सावली पडायलीय." पुढं म्याडमची ताई झाली. तुमच्या मापाला गावात कुणी नावं ठेवली नाहीत. फेस बसू द्यायचात, मग मोजायचात. बाया म्हणायच्या, उत्तमभाऊ देवाचं पण दूध असंच मोजतील, थेंब इकडं न्हाई की तिकडं न्हाई. तुम्ही म्हणायचात, "देवाचं आनू नका, मला गिऱ्हाईक म्हून चालनार न्हाई."

म्हणून तर त्या दुष्काळात तोटीची चावी तुमच्याकडं आली. त्या साली ऊस नव्हताच, कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आणि संस्थेच्या आवारातल्या दोन काळ्या टाक्यांत दुधाऐवजी टँकरचं पाणी यायला लागलं. एका घराला चार घागरी. ते वाटायचं कुणी, यावर मीटिंग झाली तेव्हा बायांनी एकसुरात तुमचं नाव घेतलं. माजी सरपंच तात्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उघड कुणी काही बोललं नाही, पण आठ्या मी बघितल्या आणि तुम्हीही बघितल्या. एक चावी तुमच्याकडं, दुसरी सचिव म्हणून माझ्याकडं. त्या संध्याकाळी कुलूप लावताना तुम्ही मला एकदाच, पहिल्यांदा आणि शेवटचं, सांगितलं होतं की तुमच्या आईला ह्याच गावात विहिरीपासून लांब उभं राहावं लागायचं, कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी ओतायचं. "आन आता बघा," असं म्हणून तुम्ही चावी पँटच्या मागच्या खिशात टाकलीत. मला तेव्हा लई बरं वाटलं होतं, भाऊ. आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटलं होतं.

आणि मग मी गाडी घेतली. जुनीच, पण काळी कुळकुळीत. गावात बाईनं स्वतःच्या नावावर घेतलेली पहिली. तुम्ही भोवती फेरी मारलीत आणि म्हणालात, "काळी कावून घेतली? ह्या मातीत काळी गाडी म्हंजी दिवसभर फडकं हातात." मी म्हणाले, "मला आवडली." तेलगावहून माझा भाऊ आला, त्यानं दारातूनच विचारलं, "ताई, गाडी घेतली का म्हैस?" सगळे खिदळले. मी वरवर हसले, पण आतून जळून कोळसा झाले. रविवारी त्याच्या पोराचं बारसं होतं. मी ठरवलं, बारशाला अशी गाडी घेऊन जाईन की ह्यानं तिच्यात तोंड बघून भांग पाडला पाहिजे.

आता हे लिहिताना लाज वाटते. एका चेष्टेपायी! पण खरं ते खरं.

त्या साली धुतलेली गाडी म्हणजे चोरीची कबुली होती. दिंद्रुडच्या बाजारात कुणाची गाडी जरा स्वच्छ दिसली की लोक रामराम करायच्या आधी विचारायचे, "पानी कुठलं?" तात्यांची पांढरी जीपसुद्धा मातीच्या रंगाची झाली होती. पोरांनी तिच्यावर बोटानं 'पाणी वाचवा' लिहिलं होतं, आणि तात्या ते मिरवत फिरायचे. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, की धुळीवर बोट फिरवलं तरी रंगाला ओरखडे पडतात. माहीत असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी फोनवर बघून बिनपाण्याचा शाम्पू मागवला होता. फवारायचा, पुसायचं, झालं. शनिवारी सकाळी मालकांची जुनी बनियन घेतली, आधी धूळ झटकावी म्हणून कोरडीच बॉनेटवर गोल गोल फिरवली, लई जोर लावून, मग फवारलं. पुसून बाजूला झाले, ऊन पडलं आणि दिसलं. सगळ्या बॉनेटभर बारीक गोल रेषा, कोळ्यानं जाळं विणल्यासारख्या. आपली माती म्हणजे नुसती माती नाही, तिच्यात वाळूचा बारीक कण असतो. मी पॉलिश पेपरनंच गाडी घासली होती म्हणा ना.

आता घाबरलेलं माणूस शहाणपणा कुठून आणणार? फोनवरचा माणूस सांगत होता, आधी भरपूर पाण्यानं धूळ ओली करून वाहू द्या. भरपूर पाणी! घरच्या रांजणात प्यायला जेमतेम होतं. दुपारचा एक वाजला होता. आवारात चिटपाखरू नव्हतं. तुम्ही जेवायला घरी गेला होतात, विहारामागच्या तुमच्या घरी. मी माझी चावी घेतली, रस्ता ओलांडला, तोटी उघडली आणि दोन बादल्या भरल्या. तोटी घट्ट बंद केली. हे मला पक्कं आठवतं, भाऊ, कारण दोनदा पिळली होती. थेंबसुद्धा सांडू नये म्हणून.

भर उन्हात, तापलेल्या पत्र्यावर ते पाणी ओतलं. शाम्पू लावला, पुसलं, मग घाईघाईत गाडी गोठ्याच्या पत्र्याखाली घातली आणि अंधारातच तिच्यावर मेण चोळलं. काय चमकली! मी स्वतःवर खूष होऊन घरात गेले.

रविवारी सकाळी सहाला तुम्ही टाकीत काठी बुडवलीत. दुधाच्या टाकीसारखीच खुणा केलेली तुमची वेताची काठी. रात्रीची खूण आणि सकाळची खूण जुळते का ते बघायची तुमची सवय होती. शनिवारी रात्री तुम्ही संस्थेत नव्हतात, लेकीकडं गेलतात, म्हणून शनिवारच्या वाटपानंतरची खूण धरून काठी सकाळीच पडली. तुम्ही काठी वर काढलीत, बघितलीत, परत बुडवलीत. मग माझ्याकडं बघितलंत. मी वहीत डोकं घातलं. दोनच चाव्या होत्या.

रांग सरकत गेली. मी मनात म्हणत होते, पुरेल, पुरेल, दोन बादल्यांनी काय होतंय. शेवटी साळूमावशी होती. एकटी म्हातारी, हळू चालायची म्हणून नेहमी शेवटी. तिच्या दोन घागरी भरल्या आणि तोटीनं फुर्र केलं. दोन घागरी रिकाम्या. ती तोटीखाली वाकून बघत राहिली. घागरी उचलणाऱ्या बायांतून कुणीतरी म्हणालं, "अन ती गाडी बघा."

माझं घर समोरच. मालकांनी बारशाला निघायचं म्हणून गाडी नुकतीच पत्र्याखालून बाहेर काढली होती. सकाळच्या उन्हात ती अशी दिसत होती की सगळ्या गावात दुसरं काही दिसतच नव्हतं. आणि मला लांबूनसुद्धा दिसलं. बॉनेटवर डाव्या अंगाला पांढरे गोल टिपके. घागरीच्या बुडाला बसतो तसला खार. टँकरचं पाणी उन्हात वाळलं की जे राहतं ते. त्या टिपक्यांना रांगेतली एकूण एक बाई ओळखत होती, कारण रोज चिंच लावून ती तेच घासत होती.

सगळी रांग रस्ता ओलांडून निघाली. तात्याही कुठून उगवले कोण जाणे. "सचिव म्याडमची गाडी लई न्हाली की!" असं मोठ्यानं म्हणत पुढं. मी वही तशीच टाकून मागं धावले. त्या घटकेला मला वाटलं, संपलं. सचिवपद गेलं, अब्रू गेली, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

आणि तुम्ही सगळ्यांच्या आधी गाडीपाशी पोचलात. खांद्यावरचा रुमाल काढून बॉनेटच्या डाव्या अंगाला टाकलात आणि त्याच्या शेजारी, मधोमध, सरळ वर टेकून बसलात. तुम्ही! माझ्या टेबलावर कधी कोपर टेकवला नाहीत तुम्ही, आणि आज माझ्या गाडीच्या बॉनेटवर मांडी टाकून?

माझ्या तोंडातून काय निघालं ते तुम्हाला आठवत असेल. मला रोज आठवतं. "भाऊ, उठा तिथनं! चरा पडंल!" सगळ्या गावासमोर मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही हलला नाहीत.

"तात्या," तुम्ही म्हणालात, "ताईनं बिगर पान्याची धुतलीय गाडी. औषध फवारायचं असतंय. ती बघा बाटली." बाटली खरंच ओट्यावर होती.

"मग पानी कुठं गेलं?"

"माझ्या हातनं सांडलं. काल तोटी नीट पिळली न्हाई मी."

"सांडलं तर ओल कुठं हाय?"

"कालचं हाय, तात्या. ह्या भुईला प्यायला किती येळ लागतोय?"

दुष्काळात पाणी सांडणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. साळूमावशीनं पहिली शिवी तिथंच घातली. तात्यांनी हात पुढं केला. तुम्ही उठलात, मागच्या खिशातून चावी काढलीत आणि त्यांच्या हातावर ठेवलीत. रुमाल मात्र उचलला नाहीत. गर्दी पांगेपर्यंत तो तिथंच होता.

त्या दुपारी संस्थेची सभा झाली आणि ठराव मी लिहिला. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात. 'दूध मापक श्री. उत्तम यांच्या निष्काळजीपणामुळे तोटी उघडी राहून पाणी वाया गेले. सबब चावी त्यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर.' सर्वानुमते. खाली माझी सही. मधेच एकदा पेन थांबलं, तर तुम्ही दारात उभे होतात ते म्हणालात, "लिवा ताई, उशीर व्हायलाय." मी लिहिलं. बारशाला गेले नाही. मालकांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले, आणि खरंच दुखत होतं.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही रांगेत घागर घेऊन उभे राहायला लागलात. ते बघणं सगळ्यात वाईट होतं. तोटीवर तात्यांचा पुतण्या, हातात मोबाईल, घागर भरून वाहिली तरी लक्ष नाही. तुमचा नंबर आला की तो तोटी जरा आधीच बंद करायचा. तुम्ही घागरीच्या गळ्याकडं बघायचात, किती कमी ते तुमच्या डोळ्यांना नक्की कळायचं, आणि घागर उचलून जायचात. तुमच्या आईला लांब उभं करणाऱ्या गावानं तुमच्या हातात चावी दिली होती, आणि ती मी घालवली. बारशात मिरवायला.

हे मी तेव्हाच का सांगितलं नाही? भीती, दुसरं काय. आधी वाटलं आज सांगते, मग वाटलं पाऊस पडू दे, मग सांगते. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं की नाही, याचीच मला खात्री नव्हती. असं मी स्वतःला सांगत होते. रुमाल तिथंच का टाकलात, हे मला कळलं नव्हतं असं म्हणणं म्हणजे कोंबडं झाकून ठेवण्यासारखं आहे.

पाऊस झाला. टँकर बंद झाले. तुम्ही एका सकाळी दूध मोजून झाल्यावर माझ्या अंगणात आलात. हातात वाटी, वाटीत लिंबाचा रस, दूध गाळायच्या फडक्यातनं स्वच्छ गाळून त्यात तेवढंच पाणी घातलेलं. तुम्ही बॉनेटच्या डाव्या अंगाला तो लावलात, जरा थांबलात, धुऊन काढलात, परत लावलात. दुधाच्या कॅनमधला खार तुम्ही आयुष्यभर काढत आलात, तुम्हाला कोण शिकवणार? पण टिपके पुरते गेले नाहीत. इतके महिने माझ्या मेणाखाली बसून त्यांनी रंग खाल्ला होता. तुम्ही फडकं पिळलंत आणि म्हणालात, "ताई, आता पानी हाय. धुवा खुशाल. पर सावलीत धुवा. उनात धुतलं की टिपके ऱ्हातेत."

बस्. तेवढंच. माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं. मी म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी मी..."

"आन फडकं गोल फिरवू नका," तुम्ही मधेच म्हणालात. "कॅन घासताना आमी वर-खाली घासतो, तसं. येका रेघंत."

आणि मी नाक पुसत म्हणाले, "फोनवर तर गोल दाखवतात."

आपलं हे भांडण असं सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. पुढं मला कळलं की धुताना तुमचंच बरोबर आणि पॉलिशला फोनवाल्याचं, पण तुम्हाला मी ते कबूल केलं नाही. दर शनिवारी तुम्ही यायचात, आणि गाडी धुऊन झाली की वहिनींच्या हातचा चहा प्यायला आपण तुमच्या घरी जायचो. पातळ प्लास्टिकची पिशवी हाताला घालून धुतलेल्या बॉनेटवर फिरवली की न दिसणारी खरखर बोटांना लागते, हे मी तुम्हाला शिकवलं तर तुम्ही पोरासारखे हसलात आणि दुसऱ्या दिवशी संस्थेतला एकूण एक कॅन पिशवी घालून तपासलात. तात्यांची जीप पावसात स्वच्छ झाली तरी तिच्यावरचं 'पाणी वाचवा' उन्हात वाचता यायचं. ते बघून तुम्ही म्हणालात, "बघा ताई, तात्याचं कायतरी टिकलं." इतकं हसलो आपण की वहिनी हाक मारून विचारायला लागल्या काय झालं म्हणून. आणि एकदा तुम्ही विचारलंत, "स्वच्छ पायजे ते समजलं. पर चमक कुनासाठी?" मी म्हणाले माझ्यासाठी. "मग तुमालाच दिसाया पायजे, रस्त्यावर कावून लावताव?"

बॉनेटच्या मधोमध एक चरा होता. तुमच्या मागच्या खिशातल्या चावीचा. मी तो काढायचा लई प्रयत्न केला, भाऊ, खोटं कशाला सांगू. आठवण म्हणून जपावा असा तो नव्हता, रोज सकाळी थोबाडीत मारायचा. पण चऱ्यावरून नख फिरवून बघावं, नख अडकलं की समजावं पॉलिशनं जाणार नाही. नख अडकत होतं. जास्त घासलं तर आहे तो रंगही जाईल म्हणून सोडून दिलं.

यंदा तुम्हाला अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा त्याच गाडीतनं नेलं. मागं बसताना तुम्ही पायाखाली पेपर मागितलात. मी ओरडले, "भाऊ, गप बसा, पेपर-बिपर काही नको." मनाशी ठरवलं होतं, आज वाटेत सांगायचंच. वहिनी शेजारी, तुम्ही डोळे मिटून. तेलगाव मागं गेलं तरी माझं तोंड उघडलं नाही. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तुम्ही एकटे होतात. मी खुर्ची ओढून जवळ बसले. "भाऊ, मला एक सांगायचंय."

तुम्ही खिडकीकडं मान वळवलीत. "गाडी झाडाखाली लावली न्हाई ना? पाखरं लई हायेत हितं. घान पडली तर तशीच ठिवू नका. ओलं फडकं ठिवा वरनं, भिजू द्या, मंग उचला. घासू नका."

मी म्हणाले, "न्हाई लावली." आणि खाली जाऊन गाडी झाडाखालनं काढली.

म्हणून राग येतोय. तुम्ही मला वाचवत होतात की शिक्षा करत होतात, हेच मला कळलं नाही.

काल दुपारी बादल्या तशाच ठेवून मी तुमच्या घरी गेले. वहिनी एकट्याच होत्या. मी खालीच बसले आणि एका दमात सगळं ओकले. दोन बादल्या, चावी, ठराव. म्हणाले, परवा विधीला सगळ्यांसमोर उभी राहून सांगते.

वहिनींनी डोळ्याला पदर लावला नाही. म्हणाल्या, "त्या दिवशी घरी येऊनच सांगितलतं त्यांनी मला. म्हनले, बाईचं पद गेलं तर संस्था तात्याच्या घशात जाईल. माझी चावी गेली तर नुस्ती चावी जाईल." मग जरा थांबून, "सहा वर्सं च्या दिला तुमाला. दर शनवारी. दर शनवारी वाटायचं, आज म्हनताल."

"वहिनी, तेच मला बोलू देत नव्हते."

"त्यांना न्हाई ओ. मला म्हनायचं व्हतं. गावाला म्हनायचं व्हतं. त्यांना ठावंच व्हतं की."

मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, "परवा काय बोलू नका. त्यो त्यांचा दिवस हाय, तुमचा न्हाई. जिथं लिवलं तिथं खोडा."

मोठी बाई, भाऊ. मला सोपं हवं होतं. फोटोसमोर रडत बोलले असते, लोकांनी माझीच पाठ थोपटली असती, बाई मनानं लई मोठी म्हणून. वहिनींनी ती वाटच बंद केली. सभेत बोललं तर पद जाणार, आणि तात्यांचा पुतण्या टपूनच आहे. जाऊ दे. संस्था वाचवायला बाया आहेत, एकट्या माझ्यावर ती उभी नव्हती. तुम्हाला तसं वाटलं, हे तुमचं एक माप चुकलं.

आज सकाळी मी विशेष सभेची नोटीस लिहिली आणि बोर्डावर लावली. मंगळवारी अकरा वाजता. विषय क्रमांक एक: तोटीच्या चावीबाबतचा मागील ठराव खोटा असल्याने रद्द करणे. तोटी बंदच होती. दोन बादल्या पाणी सचिवांनी घेतले. विषय क्रमांक दोन: सचिवांचा राजीनामा.

टाचणी लावून मागं वळले तर साळूमावशी. आता काठी टेकत चालते, तरी येते रोज. तिला वाचता येत नाही. "काय लिवलंय गं?" म्हणाली. तिला वाचून दाखवलं. तिला पहिल्यांदा कळेना, म्हणून परत वाचलं, हळू.

"म्हंजी उत्तमनं सांडलं नव्हतं?"

"नव्हतं, मावशी."

"आगं, मी लई शिव्या दिल्या गं त्याला. तवापस्नं. रस्त्यात दिसला की देत व्हते. आजारी पडला तवा बी म्हनले, माझ्या घागरीचा तळतळाट लागला." तिनं काठी जमिनीवर आपटली. "त्यो नुस्ता हसायचा. आता त्या शिव्या मी कुठं ठिवू?"

मी म्हणाले, "मला द्या."

तिनं दिल्या, भाऊ. तिथंच बोर्डासमोर, दूध घालायला आलेल्या सगळ्या बायांच्या देखत, सहा वर्षांच्या एकूण एक. माझ्या आईबापापासून गाडीपर्यंत काही सोडलं नाही. कुणीतरी मधे पडायला आलं तर मी हातानं थांबवलं. त्या दिवशी मी ओरडले तरी तुम्ही बॉनेटवरून हलला नव्हतात. मीही हलले नाही.